मीठ चालते, गोळी चालत नाही

माणूस भेटला की लोक विचारतात, काय चाललं. आमच्या शेजारचे काका विचारायचे, "तुमचे वडील कायनं गेले?" वडील जिवंत असतील तर आजा कशानं गेला. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, तेरवीच्या पंगतीत, कुठंही. एकदा वरात दारात उभी असताना त्यांनी नवरदेवाच्या बापालाच हे विचारलं. त्यानंतर गावातल्या लग्नपत्रिका त्यांच्या घरी येईनाशा झाल्या. त्यांना वाईट वाटलं नाही. लग्नातली भाजी खारट असते, तेवढं वाचलं, असं ते म्हणाले.

सगळे त्यांना पट्टेवाले म्हणत. पट्टा म्हणजे रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात तो. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात काढली होती. घरोघर जायचं, लोकांच्या पाठी आणि कानांच्या पाळ्या पाहायच्या, बधिर चट्टे शोधायचे. निवृत्त झाल्यावर एखाद्यानं देवदर्शन केलं असतं. यांनी पाऱ्याचं जड यंत्र विकत घेतलं, ते सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधलं आणि न मागता लोकांचे दंड धरायला सुरुवात केली.

दारव्ह्याकडे जाणाऱ्या जीपा जिथं उभ्या राहतात तिथं त्यांची सकाळ जायची. जीप भरल्याशिवाय हलत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. आत बसलेला माणूस ना उतरू शकतो ना पळू शकतो. ते मागून चढायचे, पेटी मांडीवर घ्यायचे आणि एकेकाची बाही वर सारायचे. ड्रायव्हर ओरडायचा, "पट्टेवाले, सीट अडवून राह्यले तुमी." ते म्हणायचे, "तुयाच पॅसेंजर वाचवून राह्यलो बे. मेलेला माणूस जीपनं जात नाही." जीप सुटली की उतरून मागच्या जीपेत.

त्यांच्याजवळ एक लांब, सरकारी छापाची वही होती. तिच्यात प्रत्येक घराण्याचं एक पान. वंशावळ काढतात तशी नाही. त्यांनी पऱ्हाटी काढली होती, कापसाचं झाड. खोड म्हणजे पणजा, फांद्या म्हणजे पोरं, प्रत्येक माणूस एक बोंड. ज्याच्या अंगावरून वारं गेलं, ज्याला लकवा मारला, ते बोंड काळं. बाया त्या वहीला भ्यायच्या. आणि सोयरिकी जुळवणारा एक मध्यस्थ तर तिच्यावर टपूनच होता. कोणत्या घरात किती काळी बोंडं हे आधी कळलं तर त्याचा धंदा सोपा होणार होता. तो एकदा गोड बोलत ओट्यावर येऊन बसला. काकांनी त्याला चहा दिला, वही आणली आणि त्याच्या स्वतःच्या घराण्याचं पान उघडून समोर ठेवलं. चार काळी बोंडं. तो चहा तसाच ठेवून गेला.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, याच वहीत होत्या. त्यांच्या माहेरचं पान सगळ्यांत काळं. काकांनी लग्नानंतर कित्येक वर्षांनी ते पान काढलं आणि त्या दिवसापासून घरातलं मीठ निम्म्यावर आणलं. लोणच्याची बरणी शेजारी, म्हणजे आमच्याकडे, येऊन पडली. काकू दुपारी यायच्या, एक फोड तोंडात टाकायच्या आणि नवऱ्याला मनसोक्त शिव्या द्यायच्या. "माह्या माहेरी कोण्या बाईनं साठी पाह्यली नाही," त्या म्हणायच्या. "मी पाहून राह्यली. पण अळणी वरण खाऊन पाहून राह्यली."

आमच्या भागात लकव्याबद्दल एक समजूत पक्की होती: तो ठरावीक घरांचा असतो. प्रत्येक गावात दोन-तीन घरं दाखवली जात, त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई, आणि बाकीचं गाव तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत निर्धास्त राही. काकांनी एका गावातलं घर अन् घर पालथं घातलं. त्या दोन-तीन घरांत लकवा जास्त होता, हे खरंच होतं. पण गावात जेवढी माणसं लुळी होऊन बाजेवर पडली होती, त्यांतली बहुतेक त्या घरांतली नव्हतीच. ती अशा घरांतली होती जिथं आधी कुणालाच काही झालं नव्हतं. कारण साधं होतं. काळ्या बोंडांची घरं थोडी. साधी घरं पुष्कळ. आणि मीठ, तंबाखू, न मोजलेला दाब सगळ्यांकडे सारखा.

हे त्यांनी कृषी केंद्रासमोर सांगितलं. पेरणीच्या आधीचे दिवस, बियाण्याच्या पाकिटासाठी रांग लागलेली. ते रांगेच्या कडेला उभे राहिले. "पाकिटावरचं चित्र पाहून किती बोंडं लागतीन सांगता येते का? नाही ना. जमीन पाहता, पाणी पाहता, अळी पाहता. बियाणं चांगलं असून बी शेत जाते, हलकं असून बी येते. एवढी अक्कल पऱ्हाटीबद्दल आहे, मंग माणसाबद्दल काहून नाही?" रांगेतला एक जण म्हणाला, "पट्टेवाले, तुमी बियाणं देऊन राह्यले का? नाही ना? मंग सरका." लोक हसले. काकाही हसले, आणि त्याचाच दंड धरला.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला हे सगळं ढोंग वाटायचं. ती कापसाची वाईट वर्षं होती. मोठ्या शहरांतून गाड्या भरून पत्रकार यायचे, विष पिऊन मेलेल्या माणसाचं घर विचारायचे आणि फोटो काढून जायचे. काका त्यांना अडवून सांगायचे की या गल्लीत तिघं लकव्यानं पडलेत, त्यांचाही कापूस घरातच पडून आहे, त्यांनीही सहा महिने दवाखाना पाहिलेला नाही. पत्रकार वही मिटायचे. काका मागून म्हणायचे, "मरायची बी एकच रीत मंजूर आहे यायच्या दरबारी."

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात देव नव्हते, ते आजोबांच्या पिढीनं नदीत सोडले होते. देवांच्या फळीवर पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा आधी जिनिंग फॅक्टरीत कामगार होते. ती बंद पडली तसे ते कामगार-शेतकऱ्यांच्या संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. मी अक्षरं त्या गठ्ठ्यांवर शिकले. पत्रकं आधी बाबा लिहायचे, मग मी लिहू लागले. मला कळत होतं की रोग व्यवस्थेतून येतात. मी काकांना ऐकवलं, "लकवा हा व्यवस्थेचा रोग आहे. एकेकाला गोळी देणं म्हणजे व्यवस्थेला सोडून देणं."

"बराबर आहे," ते म्हणाले. "व्यवस्था बदलेपर्यंत घे म्हणा गोळी. बदलली का मले सांग, बंद करू."

कुष्ठरोगाच्या वेळी त्यांचं काम सोपं होतं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. लोक म्हणायचे हा रोग रक्तात असतो, आणि हे ठामपणे सांगायचे की नसतो, औषधानं जातो. लकव्याचं तसं सांगता येत नव्हतं. रक्तात थोडं असतंच. सोयरीक मोडेल म्हणून बापलोक हातापाया पडायचे, आमच्या घरात काही नाही एवढं म्हणा. ते म्हणत नसत. "आहे" म्हणायचे, आणि मग अर्धा तास समजावत बसायचे की आहे म्हणजे होईलच असं नाही. लोक पहिला शब्द ऐकून उठून जात. त्यांच्या आयुष्याची सगळी शोकांतिका त्या पहिल्या शब्दात होती, पण हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या घराण्याच्या पानावर दोन काळी बोंडं होती. आजोबा पन्नासाव्या वर्षी गेले, मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पन्नाशी ओलांडल्या ओलांडल्या. बाबा एक्कावन्नाचे झाले तेव्हा त्यांचा दाब खूप वाढलेला निघाला. काकांनी सरकारी दवाखान्यातून गोळी लिहून आणली. बाबांनी ती खिडकीत ठेवून दिली. म्हणाले, "आमच्या घराण्याचं ठरलेलंच आहे, पट्टेवाले. गोळीनं काय टळते?"

काकांनी फळीवरचा एक गठ्ठा खाली काढला. वरचं पत्रक उचलून त्यातली ओळ मोठ्यानं वाचली. ती बाबांचीच होती आणि त्यांच्या प्रत्येक पत्रकात असायची: जन्मानं माणूस ठरत नाही.

"जन्मानं माणूस नाही ठरत, असं तीस वर्षं छापून राह्यले तुमी," काका म्हणाले. "मंग नेते, मरण काहून ठरते?"

बाबांनी खिडकीतली गोळी उचलली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. त्या दिवसापासून चार वर्षं त्यांनी रोज सकाळी गोळी घेतली. दाब उतरला. बाबा पंचावन्नाचे झाले. आजोबा आणि मोठे बाबा दोघांनाही त्यांनी मागं टाकलं, आणि याची ते सभेतसुद्धा थट्टा करायचे.

त्याच वर्षीच्या हंगामात सरकारचं कापूस खरेदी केंद्र सुरूच झालं नाही. बैलगाड्या बंद दारासमोर उभ्या राहून परत गेल्या. संघटनेनं आमरण उपोषण ठरवलं आणि मांडवात बसले बाबा. पहिल्या सकाळी मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन गेले. बाबांनी पेला घेतला, गोळी परत दिली. कुणी पाहिलं तर म्हणतील, नेता मांडवात बसून काहीतरी खातो. मला ते पटलं. मी गोळी पदराच्या गाठीत बांधून घरी आणली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं ते कुठंच लिहिलं गेलं नाही.

लिंबू-मिठाचं पाणी मात्र चालत होतं. आमच्याकडे सगळ्या उपोषणांत ते चालतं. माणूस कोसळू नये म्हणून कार्यकर्ते तासातासाला तांब्या आणतात. काका पहिल्या दिवसापासून सकाळी यंत्र घेऊन यायचे. तो तांब्या त्यांनी पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मीठ चालते," ते म्हणाले, "गोळी चालत नाही. वा."

सरकारी डॉक्टर रोज येऊन 'प्रकृती स्थिर' लिहून जायचा. काकांचा पारा दुसरंच सांगत होता. तिसऱ्या दिवशी आकडा चढला, चौथ्या दिवशी आणखी. ते बाबांच्या कानाशी लागून विनवायचे, "नेते, एक गोळी. तोंडात धरा, वरून पाणी प्या. कोण्याच्या बापाले समजत नाही." बाबा मान हलवायचे. पाचव्या दिवशी पारा एकशे नव्वदच्या वर गेला.

मी दुपारपर्यंत पत्रक छापून आणलं. मथळा मीच लिहिला होता: 'रक्तदाब एकशे नव्वदच्या वर! सरकारवर कधी येणार दाब?' ते बाजारात वाटलं. संध्याकाळी मांडवाभोवतीची गर्दी दुप्पट झाली. खरं सांगायचं तर, त्या सकाळी पारा वर जाताना पाहून मला आनंद झाला होता. डॉक्टरच्या 'स्थिर'ला आता माझ्याकडे उत्तर होतं.

सहाव्या सकाळी काकांनी दाब मोजला, पट्टा गुंडाळला, पेटी मिटली. आकडा सांगितला नाही.

"किती आला, काका?"

"ज्याचा होता त्याले सांगतला."

"लोकांना कळायला पाहिजे."

"कळला ना काल. टाळ्या वाजवल्या लोकायनं." ते उठले. "पोरी, मी दाब मोजतो तो उतरवाले. तू त्याचं पीक घेऊन राह्यली."

पन्नास माणसं ऐकत होती. मी म्हणाले, तुम्ही शेवटी सरकारचीच पेन्शन खाता, तुम्हाला आमच्या लढ्याचं काय कळणार. त्यांनी पेटी उचलली. मी मांडवाच्या दारातल्या दोन कार्यकर्त्यांना सांगितलं की यांना उद्यापासून आत सोडू नका.

सातव्या दिवशी ते रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीजवळ पेटी घेऊन उभे होते. आठव्या दिवशीही.

आठव्या दिवशी दुपारी बाबांनी माईक मागितला. बसूनच बोलायला लागले. दोन-चार वाक्यं नीट गेली, मग शब्द जड झाले, जिभेवर अडकू लागले. लोकांना वाटलं, नेत्याचा कंठ दाटला. टाळ्या सुरू झाल्या. बाबांच्या हातातला माईक कलंडला, तोंड एका बाजूला गेलं, आणि टाळ्या वाढल्या. मीही वाजवत होते.

रस्त्याच्या पलीकडून एकच माणूस धावत आला. "थांबवा, वाचा जाऊन राह्यली त्याची!" ते ओरडत होते. दारातल्या पोरांनी त्यांना धरलं. पोरांना वाटलं, हे सभा उधळायला आले. मी धरा म्हणाले नव्हते. पण आत सोडू नका, हे मीच सांगून ठेवलं होतं. ते तिथं झटापट करत होते तेवढ्यात बाबा गादीवर आडवे झाले.

जीपनं यवतमाळला नेलं. बाबा नऊ दिवस होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे मात्र सगळं समजत असल्यासारखे फिरायचे, आणि ते डोळे माझ्याकडे वळले की मी खोलीबाहेर जायची.

बाबा गेले आणि मग सगळ्यांनी बोलायला सुरुवात केली. गाव म्हणालं, घराण्यातच होतं, बापाचं बी असंच झालं होतं. एक अधिकारी चौकशीला आला आणि काकांकडे गेला. काकांनी नेहमीप्रमाणे खरं सांगितलं: हो, बाप याच आजारानं गेला, भाऊ याच आजारानं गेला, पण. अधिकाऱ्यानं 'पण'च्या आधीचं लिहून घेतलं. कागदावर आलं की मयताच्या कुटुंबात या आजाराचा इतिहास असून मृत्यूचा उपोषणाशी संबंध नाही. सरकारची सुटका बाबांच्या रक्तानं केली.

मी पेटले. काकांच्या घरी गेले आणि म्हणाले, तुम्ही लेखी द्या की उपोषणानं मृत्यू झाला आणि सरकार जबाबदार आहे. मी ते पत्रक म्हणून छापते. मांडवातल्या त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. काकूंनी मला पाणी दिलं. काका म्हणाले, "जे झालं ते लिहून देईन. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद दिला. मी तिथंच वाचला, घडी केली आणि माझं पत्रक मीच लिहिलं. त्यात घराण्याचं नाव नव्हतं, गोळीचं नव्हतं, माझं नव्हतं. फक्त सरकार होतं. लोक ते वाचून रडले. दोन आठवड्यांनी बाबांच्या फोटोला हार घालून खरेदी केंद्र सुरू झालं. महिनाभरानं ते बंद पडलं.

काका पत्रक हातात घेऊन आमच्या दारात आले होते. "सरकारचं लिवलं ते बराबर आहे," ते म्हणाले. "राहू दे. पण हे वाचून एखादा माणूस गोळी घेईन का?"

नाही घेणार, हे मला थोड्याच दिवसांत समजलं. केंद्राच्या उद्घाटनाला बाबांचे एक जुने सोबती भेटले, तेही पन्नाशीतले, त्यांचेही वडील लकव्यानं गेलेले. गोळी सोडून दिली म्हणाले. "नेत्यासारखा माणूस नाही वाचला, बाई. रक्तातलं आहे. अन् वरून सरकार मारून राह्यलं. आपल्या हाती काय आहे?" त्यांना अधिकाऱ्याचा कागदही पटला होता आणि माझं पत्रकही. दोन्ही पटायला अडचण नव्हती, कारण दोन्हींत गोळी नव्हती. मी त्यांना तेव्हाही खरं सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

काका आता नाहीत. मी अजून पत्रकं लिहिते, आणि अजूनही मानते की खरेदी केंद्राचं दार बंद ठेवणाऱ्यांनी माझ्या बापाला त्या मांडवात बसवलं. त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही. पण जे पत्रक माझ्याकडे लिहून तयार होतं आणि जे मी छापलं नाही, ते इतकी वर्षं माझ्या पेटीत आहे. सरकारी अहवालाच्या भाषेत आहे, काकांना दुसरी लिहिता येत नव्हती. जसंच्या तसं उतरवते.

'मी खाली सही करणार लिहून देतो की, मयताचे वडील व मोठे भाऊ याच आजाराने गेले. मयतास जन्मतःच धोका जास्त होता. तोच धोका असताना मयत चार वर्षे गोळी घेऊन चांगला होता. गोळी उपोषणाच्या पहिल्या दिवशी बंद झाली. खरेदी केंद्र वेळेवर सुरू झाले असते तर उपोषण झाले नसते. उपोषण झाले तरी गोळी घेता आली असती. गोळी बंद असल्याचे तिघांना माहीत होते: मयत, मयताची मुलगी व मी. मयतास लोकांची भीती होती. मुलीस आकडा पाहिजे होता. मी दोन दिवस रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. मला आत जाण्यास मनाई होती हे खरे आहे. दारात दोन पोरे उभी होती. दोनच होती.'